फॉर्म ९ आणि हळदीची केस

एका शिक्षणसंस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात मी अधीक्षिका होते. मेसच्या कागदपत्रांत अन्न सुरक्षेसाठी जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव होतं, आणि त्यामुळे फौजदारी कोर्टात आरोपी म्हणून उभी राहिले. सुटले. लोक ‘अरेरे, बाई, तुमच्यावर ही वेळ!’ म्हणतात आणि विषय बदलतात; कशामुळे सुटलात, हे कुणी विचारत नाही. वसतिगृह, दवाखाना, शाळेचं कॅन्टीन अशा ठिकाणी पगारावर काम करणाऱ्यांना तेच कळायला हवं, म्हणून लिहिते आहे.

चिटणीसांनी माझ्यापुढे फॉर्म ९ ठेवला आणि म्हणाले, “बाई, नुसती फॉर्मॅलिटी आहे. इथे सही करा.” अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६चा, ५ ऑगस्ट २०११पासून तो १९५४च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या जागी आला. त्याचं कलम ६६ सांगतं की गुन्हा कंपनीच्या हातून झाला, तर त्या वेळी कारभार ज्याच्या ताब्यात होता आणि त्यासाठी जो कंपनीला जबाबदार होता, तो प्रत्येक जण आणि कंपनी, असे सगळेच दोषी मानले जातात. मात्र कंपनीच्या शाखा किंवा युनिटं असतील तर एकेका युनिटच्या प्रमुखाला जबाबदार म्हणून नेमता येतं, आणि मग तिथल्या गुन्ह्याचा जाब त्याला द्यावा लागतो. ही नेमणूक सरकारला कळवायचा कागद म्हणजे फॉर्म ९.

अध्यक्षांना, म्हणजे आमच्या अण्णांना, हे सगळं आपल्याला लागूच नाही असं वाटत होतं. “आपण काय कंपनी आहोत? धर्मादाय संस्था आपली, नफ्याचा पैसा नाही.” पण कलम ६६च्या स्पष्टीकरणातच कंपनी म्हणजे कोणतीही निगमित संस्था, भागीदारी आणि व्यक्तींचा कुठलाही संघ, असं आहे. अन्न व्यवसायाच्या व्याख्येतही नफ्यासाठी असो वा नसो, सरकारी असो वा खासगी, असं सरळ लिहिलंय. महिन्याला मेसचे पैसे घेऊन दोन वेळचं जेवण घालतो म्हटल्यावर सुटायला फट नव्हती.

फॉर्म मी घरी नेला आणि शब्द न् शब्द वाचला. नेमलेल्या व्यक्तीला, गुन्हा होऊ नये म्हणून लागतील ते सर्व अधिकार वापरण्याची आणि लागतील ती पावलं उचलण्याची मुभा दिली आहे, असं एक वाक्य त्यात आहे. बहुतेक जण ते वाचत नाहीत. मी त्याच वाक्याला धरून अर्ज केला: हे अधिकार मला खरोखर आहेत, तर ते कोणते, हे ठरावात लिहा. कोठीत आलेला कोणताही माल परत पाठवता यावा. वर्षाला ठरावीक रक्कम कुणाला न विचारता तपासणीवर खर्चता यावी. मसाले आणि तेल सीलबंद आणि परवानाधारकाकडूनच घ्यावं, आणि बिलाबरोबर ‘ई’ फॉर्मची हमी, म्हणजे माल सांगितल्याच दर्जाचा आहे असं विक्रेत्याने लिहून देणं, ज्याला बाजारात वॉरंटी म्हणतात, ती असल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खजिनदार भडकले. त्यांच्या ओळखीचा एक जण सुटी हळद बरीच स्वस्त देत होता. मी वाद घातला नाही. कलम ६६चंच दुसरं उपकलम त्यांना वाचून दाखवलं: संचालक, व्यवस्थापक, चिटणीस किंवा इतर कुणा पदाधिकाऱ्याच्या संमतीने, संगनमताने किंवा हलगर्जीपणामुळे गुन्हा घडला असं सिद्ध झालं, तर तोही दोषी. “तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर लेखी म्हणा, भाऊ. मी फाइलला लावून ठेवते.” ठराव त्याच बैठकीत झाला. त्याची प्रत जोडून मग मी सही केली.

पुढे दोन-तीन वर्षं काही घडलं नाही. एका सकाळी अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीला आले. ओटा, पाण्याची टाकी, आचाऱ्यांची वैद्यकीय प्रमाणपत्रं पाहिली, आणि कोठीतली हळदीची न फोडलेली पिशवी बाहेर काढायला सांगितली. पंचांसमोर ती फोडली, नमुन्याचे चार भाग केले, लाखेची सीलं लावली, हळदीचे पैसे दिले, आमच्या सह्या घेतल्या. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे, म्हणजे अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या वरिष्ठांकडे, राहतात, आणि चौथा आपण मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतात. मी ती मागणी तिथल्या तिथे लेखी दिली.

अहवाल आला: मेटॅनिल यलो, म्हणजे खाण्यात बंदी असलेला रंग, नमुना ‘असुरक्षित’. चौथ्या भागाचा निकालही तोच. माल नुसता कमी दर्जाचा किंवा लेबल चुकीचं असतं, तर प्रकरण न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे दंडावर मिटतं. ‘असुरक्षित’ म्हटलं की कलम ५९ लागतं आणि तिथे कैद आहे. कुणाला इजा झालेली नसली तरी तेव्हा सहा महिन्यांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. २०२३च्या जनविश्वास कायद्याने ते तीन महिने आणि तीन लाख केलं. खाणारा दगावला तर किमान सात वर्षं, जन्मठेपेपर्यंत.

अहवालाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं. करा अपील, तेवढाच वेळ मिळेल, असा संस्थेत सूर होता. मी आमच्याच कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या सरांकडे त्याच खेपेतली चिमूटभर हळद घेऊन गेले. त्यांनी ती पाण्यात कालवून तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. गुलाबी रंग चढला. “थांबा,” सर म्हणाले, “नुसत्या हळदीलाही असा रंग येतो, पण पाणी घातलं की जातो.” पाणी घातलं. गुलाबी रंग तसाच राहिला. मग अपील कशाचं करायचं? मुलींच्या आमटीत तो रंग गेला होता, हे खरंच होतं. प्रश्न उरला होता तो एवढाच की, मी काय करायला हवं होतं आणि काय केलं.

नोटीस आधी सगळ्या विश्वस्तांच्या नावे होती. चिटणीसांनी फॉर्म ९ची पोच दाखवली आणि त्यांची नावं वगळली गेली. कायद्याने ते बरोबरच होतं. जुन्या कायद्याखालीही १९९२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर. बॅनर्जी प्रकरणात म्हटलं होतं की कंपनीने रीतसर माणूस नेमला असेल, तर बाकीच्या संचालकांवर सरसकट खटला चालत नाही. तरी त्या दिवशी चिटणीसांच्या चेहऱ्यावरची टवटवी मी विसरलेले नाही. लग्नात आपलं ताट दुसऱ्यापुढे सरकवून उठून जाणाऱ्या पाहुण्यासारखे ते दिसत होते.

खटल्याला अन्न सुरक्षा आयुक्तांची मंजुरी झाली आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टाचं समन्स आलं. आरोपी चार: दुकानदार, हळद दळणारा गिरणीवाला, आमची संस्था आणि मी. जातमुचलक्यावर सोडलं, ‘गुन्हा कबूल नाही’ म्हणून सांगितलं, आणि तारखा सुरू झाल्या.

संस्था आरोपी असली की तिच्या वतीने कुणी तरी प्रतिनिधी हजर राहावा लागतो. कार्यकारिणीत सूचना आली, “बाई कोर्टात जातातच, त्याच संस्थेतर्फेही उभ्या राहतील.” माझ्या वकीलबाईंनी निक्षून सांगितलं, मुळीच नाही. उद्या संस्था म्हणेल की चूक बाईंची, आणि ते म्हणणारं तोंडही तुमचंच असेल! शेवटी ते काम खजिनदारांच्या गळ्यात पडलं. आरोपींच्या बाकावर आम्ही शेजारी बसत असू. डब्यातली चकली ते मला देत, हेही सांगितलं पाहिजे.

मधे कोविडने सगळं ठप्प केलं. त्याच काळात, नोव्हेंबर २०२०मध्ये, हिंदुस्तान युनिलिव्हर विरुद्ध मध्य प्रदेश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: कंपनीला दोषी न धरता एकट्या नेमलेल्या व्यक्तीला शिक्षा देता येत नाही, आणि उलटही नाही. त्या प्रकरणातला अधिकारी ३० वर्षांहून जास्त काळ खटला झेलत होता. संस्थेचे वकील तेव्हा संस्थेचं नाव खटल्यातून काढून घ्यायच्या खटपटीत होते. हा निकाल वाचून माझ्या वकीलबाई हसल्या. संस्था बाहेर पडली तर मलाही सोडावं लागेल. करू दे त्यांना खटपट. त्यांचा अर्ज काही मंजूर झाला नाही.

आमच्या खटल्याचा निकाल लागला तो २००६च्या कायद्यातल्या कलम ८०वर. योग्य ती सर्व दक्षता घेतली होती, हा त्यातला बचाव आहे, पण तो सिद्ध करायचा भार आरोपीवर असतो. मी स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात गेले. सरकारी वकिलांनी विचारलं, “हळद शुद्ध आहे हे तुम्हाला कसं माहीत होतं?” मी म्हटलं, माहीत नव्हतं, म्हणून सीलबंद घेत होते, परवाना पाहून घेत होते, हमी घेतल्याशिवाय बिल पास करत नव्हते, आणि अधूनमधून नमुने प्रयोगशाळेला पाठवत होते. मग परत पाठवलेल्या मालाचं रजिस्टर पुढे केलं. कीड लागलेली तूरडाळ, वास येणारं तेल, तारीख उलटलेलं बेसन, प्रत्येक नोंदीवर आमच्या कोठीवाल्या मावशींची आणि टेम्पोवाल्याची सही. न्यायाधीशांनी ते बराच वेळ चाळलं. ‘दक्षता घेत होतो’ असं प्रतिज्ञापत्रावर कुणीही लिहितो. टेम्पोवाल्याची सही मागाहून आणता येत नाही.

संस्था आणि मी निर्दोष सुटलो. गिरणीवाल्याला शिक्षा झाली, तो सत्र न्यायालयात अपिलात गेला.

निवृत्त होताना सेवापुस्तकाआधी मी एक काम केलं: नेमणुकीतून माझं नाव काढल्याचं पत्र संस्थेकडून घेतलं, पदनिर्देशित अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिलं आणि पोच घेतली. नव्या अधीक्षिकेचा नंतर फोन आला, “ताई, फॉर्म ९ आलाय, करू का सही?” मी तिला जुना ठराव पाठवला आणि तपासणीच्या खर्चाची रक्कम दुप्पट करून घ्यायला सांगितलं. खजिनदार आता अध्यक्ष आहेत. ठराव त्यांनी स्वतः मांडला.