गायवाल्या बाबाच्या अडीच ओळी

आमच्या पांदणीत एक वीरगळ आहे, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. गावात वीरगळ वगैरे कोणी म्हणत नाही, गायवाला बाबा म्हणतात, कारण खालच्या पट्टीत गाई कोरल्यात न् एक जण ढाल-तलवार घेऊन लढतोय, मधल्या पट्टीत अप्सरा त्याला वर नेतायत, वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय आणि एकदम टोकाला चंद्र-सूर्य. म्हणजे गुरं पळवणाऱ्यांशी लढताना गेलेला माणूस. बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं, याच्यावर अडीच ओळी आहेत, आणि त्यांनीच माझं डोकं खाल्लं.

आधी माझा गाढवपणा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडूनं गिरवली, फोटो मस्त आला, त्यात मी 'काल' असं वाचलं. काकांना सांगितलं तर म्हणे, "काल म्हंजे यम असन ना बापा, मेला ना थो!" पटलं पण! दोन महिने यम घेऊन फिरलो.

मग पडीमात्रा कळली. जुन्या लेखांत एकाराची मात्रा बरेचदा डोक्यावर नसते, अक्षराच्या आधी उभी रेघ असते, आपल्याला ती मागच्या अक्षराचा काना वाटते. रेघ, क, रेघ, ल. म्हणजे 'केले'! पहिली रेघ मी दगडाची चीर समजून गिरवलीच नव्हती. खडूचं हेच वाईट, आपल्याला जे वाटलं तेच दिसायला लागतं (दगड खराब होतो ते वेगळंच). आता नुसतं पाणी, मऊ ब्रश, आणि अंधार पडला की मोबाईलचा टॉर्च दगडाला चिकटवून बाजूनं मारतो, खाचेत सावली पडते न् अक्षर उठतं. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट. जाणकार लोक ओला कागद ब्रशनं ठोकून बसवतात, वरून शाईचा बोळा फिरवतात, खोदलेलं तेवढं पांढरं राहतं. मला अजून जमलं नाही, कागद फाटतो.

सुरुवातीला 'स्वस्ति श्री' आहे, मग 'सकु', म्हणजे शक. पुढच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन, जसं अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीच्या देवळातला लेख शके १०९८ चा, म्हणजे ११७६-७७. आमच्या बाबाचा पहिला १ दिसतो, बाकी आकडे शेंदराच्या बोटभर थराखाली.

थोडा खरडू का म्हणून आजीला विचारलं.

"हात लावून त पाह्य."