नव्या टर्बो ऑटोमॅटिकने नागपूर ते चिखलदरा: जागेवरून निघताना गाडी अडखळते तेव्हा

नागपूर ते चिखलदरा साधारण २३० किमी. वाडी, कोंढाळी, तळेगाव, तिवसा, अमरावती, परतवाडा आणि मग घाट. हा रस्ता लहानपणापासून पाठ असल्यामुळे या वेळी माझं सगळं लक्ष गाडीकडे होतं. गाडी नवी आहे. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि ड्राय डबल क्लचचा, म्हणजे तेलाशिवाय चालणाऱ्या दोन क्लचचा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हायवेला उत्तम चालते, पण जागेवरून निघताना अडखळते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग एकदम उसळी घेते.

नागपुरात हा एक क्षण फार महाग पडतो. व्हरायटी चौकात हिरवा दिवा लागला की मागचा ऑटोवाला हॉर्नवरचा हात काढत नाही, ते एक वेळ सहन होतं. भीती वाटते ती डिव्हायडरमधून यू-टर्न घेताना. अमरावती रोडवर समोरून ट्रक येत असतो, निघायला पुरेशी जागा आहे असा अंदाज येतो, आपण पाय दाबतो आणि गाडी अर्धी रस्त्यात येऊन थबकते. मागच्या सीटवर आई बसलेली असेल तर काळजाचा ठोका चुकतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, "मॅडम, ऑटोमॅटिक अशाच असतात, सवय होऊन जाईल." यातलं थोडं खरं आहे. पण किती खरं आणि कुठून पुढे दोष सुरू होतो, हे गाडी चालवणाऱ्यालाच शोधावं लागतं. त्यासाठी घाटासारखी जागा नाही. समृद्धीवरून शिर्डीपर्यंत जाऊन आलात तरी हा त्रास जाणवायचा नाही, कारण तिथे गाडी थांबतच नाही.

निघण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं. हा थबका एकाच कारणाने येत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी स्टार्ट-स्टॉप सोय असेल तर आधी इंजिन चालू व्हायचा वेळ जातो. मग क्लच जुळायचा वेळ. आपल्या डाव्या पायाचं काम इथे कॉम्प्युटर करतो, आणि क्लच जळू नये म्हणून तो जपून करतो. त्यानंतर टर्बोचा वेळ. टर्बोचा पंखा इंजिनच्या धुरावर फिरतो; आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) कमी असताना धूर कमी, म्हणून पंखा हळू, म्हणून इंजिनला हवा कमी. साधारण पंधराशे-अठराशे आरपीएमच्या खाली हे छोटं इंजिन टर्बोशिवायच चालल्यासारखं असतं. वर नागपूरचा मे महिना. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनकडूनच ताकद घेतो, आणि तापलेली हवा विरळ असल्यामुळे सिलिंडरमध्ये ऑक्सिजनही कमी जातो. हे सगळं एकावर एक येतं आणि आपल्याला मात्र एकच थबका जाणवतो.

म्हणून धाकट्या भावाला पुढे बसवलं आणि काम दिलं: गाडी निघताना अडखळली की आरपीएमच्या काट्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा. चालवणाऱ्याने हे करू नये, शेजारी माणूस हवाच. काटा बघण्याचं कारण साधं आहे. पाय दाबल्यावर काटाच वर जात नसेल तर अडचण इंजिनच्या बाजूला आहे: थ्रॉटल (इंजिनला हवा सोडणारी झडप), टर्बो किंवा पेट्रोल वाचवणाऱ्या इको मोडचं सेटिंग. काटा झपकन चढतो पण गाडी हलत नाही, तर क्लचच्या बाजूला बघायचं. काटा हलतो आणि गाडीही थरथरते, तर क्लच नीट पकडत नाही. माझ्या मते एवढी एक खूण ओळखता आली तर सर्व्हिस सेंटरमध्ये आपल्याला कोणी उडवून लावू शकत नाही.

पहाटे पाचला निघालो. मे महिन्यात याहून उशीर करूच नका, दहानंतर अमरावती रोडवर डांबरसुद्धा तापून चकाकतं. पहाटेचा दुसरा फायदा म्हणजे इंजिन थंड असताना गाडी कशी निघते ते कळतं. आमची थंड असताना उलट बरी निघाली. म्हणजे उष्णतेचा संबंध होता, आणि ते पुढे घाटात पटलंच. वाडीपर्यंतच्या सिग्नलांवर स्टार्ट-स्टॉप आधी चालू ठेवून, मग बंद करून पाहिलं. बंद केल्यावर निम्मा थबका तिथेच गेला. हे बटण बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन प्रत्येक वेळी चालू केल्यावर पुन्हा दाबावं लागतं, कारण सोय मुळात चालूच असते. आता सीटबेल्ट लावला की माझं बोट आधी त्या बटणावर जातं.

कोंढाळी ते तिवसा सांगण्यासारखं काही नाही, चौपदरी रस्ता, गाडी सुरेख धावली. गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं. आईला तिथे थांबल्याशिवाय पुढचा प्रवास झाल्यासारखा वाटतच नाही. गाडीच्या दृष्टीनेही हा थांबा चांगला, कारण तापलेलं इंजिन बंद करून थोड्या वेळाने पुन्हा निघताना काय होतं ते इथे दिसतं.

अमरावतीत एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. पूर्ण थांबून निघण्यापेक्षा, स्पीड ब्रेकरवर किंवा वळणावर अगदी हळू होऊन पुन्हा वेग घेताना गाडी जास्त अडखळते. कारण डबल क्लचमध्ये एक क्लच १, ३, ५ हे गिअर सांभाळतो आणि दुसरा २, ४, ६. गाडी हळू होत असताना गिअरबॉक्सने दुसरा गिअर धरलेला असतो, आपण अचानक जोर मागतो, आणि त्याला पहिल्यावर यायचं की दुसऱ्यावरच राहायचं हे ठरवावं लागतं. उपाय हाताशी आहे. वळणाच्या आधीच मॅन्युअल मोडवर जाऊन पहिला गिअर स्वतः घ्यायचा. यू-टर्नला मी आता हेच करते. दुसरी सवय पायाची. एकदम पूर्ण दाबायचं नाही. आधी हलका दाब, गाडी पुढे सरकायला लागली की मग जोर. जागेवरून एकदम दाबलं तर क्लच वाचवायला कॉम्प्युटर इंजिनची ताकद रोखून धरतो आणि थबका वाढतो. आणि डाव्या पायाने ब्रेक धरून उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर द्यायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. दोन्ही पेडल एकदम दाबलेले दिसले की बऱ्याच नव्या गाड्या इंजिनची ताकद आपणहून कापतात.

परतवाड्याला टाकी भरून घ्या आणि चहाही तिथेच घ्या. पुढे धामणगाव गढीवरून घाट लागतो. चिखलदरा १,११८ मीटर उंचीवर आहे, नागपूर सुमारे ३१० मीटरवर. वर पोचेपर्यंत हवेचा दाब नागपूरपेक्षा साधारण ९ टक्क्यांनी कमी होतो. टर्बो एकदा फिरायला लागला की ही तूट भरून काढतो, पण जागेवरून निघताना टर्बो झोपलेलाच असतो, म्हणून फरक नेमका तिथेच जाणवतो.

आणि घाटात पुढे एसटी आली. वळणावर समोरून दुसरी गाडी येत असल्यामुळे एसटी थांबली, तिच्या मागे आम्ही, आमच्या मागे एक जीप अगदी बंपरला चिकटून. चढ चांगलाच. एसटी निघाली. मी ब्रेकवरून पाय काढला, हिल होल्डने (चढावर गाडी मागे जाऊ न देणारी सोय) गाडी धरली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. काटा दोन हजारांवर गेला, गाडी तिथेच. मग एक झटका, थरथर, आणि निघाली. "ताई, काटा चढला पण गाडी नाही गेली ना! आलं बरं व्हिडिओत," भाऊ ओरडला. मागून आईने देवाचं नाव घेतलं. पुढच्या दोन-तीन वळणांवर एसटी अशीच थांबत थांबत चालली, आणि केबिनमध्ये जळक्या क्लचचा वास यायला लागला. पाठोपाठ डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा.

असा इशारा आला तर घाबरून इंजिन बंद करू नका. रुंद, सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, हॅंडब्रेक लावा, पी (पार्क) मध्ये टाका आणि इंजिन चालू ठेवा. इशारा जाईपर्यंत थांबायचं. अशा गिअरबॉक्सच्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये सहसा हेच लिहिलेलं असतं, तरी आपल्या गाडीचं पान निघण्याआधी वाचून ठेवा. ड्राय क्लचला थंड करायला तेल नसतं, हवेवरच तो निवतो, म्हणून घाई करून उपयोग नाही. आम्ही संत्री सोलली, आईने डब्यातले धपाटे काढले. तोपर्यंत एसटीही पुढे निघून गेली होती.

चढावर पाळायच्या गोष्टी मग मी ठरवूनच टाकल्या. पुढच्या वाहनापासून भरपूर अंतर ठेवायचं आणि वीतभर-वीतभर सरकायचं नाही. जागा झाली की एकदाच निघायचं. चढावर अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरायची नाही, त्याने क्लच घासत राहतो. ब्रेकच दाबून ठेवायचा. हिल होल्ड साधारण दोनच सेकंद धरतो, त्यामुळे ब्रेक सोडल्यावर वेळ घालवायचा नाही. तीव्र वळणाआधी पहिला गिअर. निघतानाच्या क्षणी एसी बंद, वेग घेतला की चालू. या गोष्टी पाळल्यावर वरपर्यंत पुन्हा इशारा आला नाही. थबका मात्र होताच, आणि काटा दर वेळी चढत होता.

चिखलदऱ्यात दुपारीसुद्धा सावलीत स्वेटरची आठवण येत नाही, पण नागपूरच्या मानाने स्वर्गच. देवी पॉइंटला वारा खात बसलो, भावाने हट्ट करून गाविलगडाची चक्कर मारली, आईने कॉफीची झाडं कौतुकाने पाहिली. विदर्भात कॉफी पिकते हे तिला दर वेळी नव्याने सांगावं लागतं आणि तिला दर वेळी तेवढाच आनंद होतो. मुक्काम करणार असाल तर सुट्टीच्या दिवसांत खोली आधी बुक करा.

घाट उतरताना डी (ड्राइव्ह) मध्ये गाडी सोडून देऊ नका. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर धरून इंजिनच्या आधाराने उतरलं की ब्रेक तापत नाहीत. परतीला अमरावतीनंतर दुपारचं ऊन लागलं, आणि वाडीच्या गर्दीत सकाळपेक्षा थबका स्पष्ट जास्त होता. भावाने त्याचेही व्हिडिओ घेतले. थंड आणि तापलेली, एसी चालू आणि बंद, सपाट आणि चढ, इको आणि स्पोर्ट, असं सगळं त्याने फाइलच्या नावातच लिहून ठेवलं होतं.

हे व्हिडिओ घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले तेव्हा बोलणंच बदललं. "अशाच असतात" म्हणणाऱ्या अ‍ॅडव्हायझरने व्हिडिओतला काटा बघून टेक्निशियनला बोलावलं. टेस्ट ड्राइव्हला मी स्वतः गाडी चालवली, त्याला शेजारी बसवलं. याच मॉडेलची दुसरी गाडी चालवून बघायलाही मागितली आणि त्यांनी दिली. ती सपाटीवर थोडी थबकत होती, पण थरथरत नव्हती. हा फरक त्यालाही नाकारता आला नाही. मग त्यांनी गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि क्लचचं लर्निंग नव्याने केलं, म्हणजे क्लच नेमका कुठे पकडतो ते कॉम्प्युटरला पुन्हा शिकवलं. थरथर गेली. चढावरचा थबका बराच कमी झाला. स्पीड ब्रेकरनंतरचा अजून आहे, आणि तो या जातीच्या गिअरबॉक्सचा स्वभाव आहे असं मी आता मान्य केलंय.

तुम्ही गेलात तर एक गोष्ट सोडू नका. तक्रार जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "जनरल चेकअप" असं लिहिलं तर सही करू नका. "तापलेल्या अवस्थेत चढावर निघताना आरपीएम वाढतो, गाडी हलत नाही, थरथरते" असं पूर्ण वाक्य हवं. काय काम केलं, सॉफ्टवेअर बदललं का, हेही लेखी घ्या, आणि प्रत्येक खेपेचं जॉब कार्ड जपून ठेवा. चेक इंजिनचा दिवा लागला, इंजिन बंद पडलं किंवा चालत्या गाडीची ताकदच गेली, तर तो स्वभाव नव्हे, तो दोष आहे. तेव्हा स्कॅन करून निघालेल्या एरर कोडची प्रत मागा.

वारंवार जाऊनही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, गाडी दुसऱ्या गावाहून घेतली असली तरी. गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची, आणि तिथे जॉब कार्डाच्या तारखाच कामाला येतात.

काम झाल्यावर पुन्हा घाट गाठायची गरज नाही. सकाळी सहाच्या सुमारास नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावर रहदारी अगदी कमी असते. मागे कोणी नाही हे बघून तिथे थांबा, निघा, काटा बघा. मग हेच दुपारी दोनला, गाडी शहरात अर्धा तास फिरवून पूर्ण तापल्यावर, एसी लावून करा. सर्व्हिस सेंटरवाल्यांना गाडी परत दाखवायची असेल तर दुपारचीच वेळ मागून घ्या. सकाळच्या थंड गाडीत त्यांना काहीच सापडणार नाही.