ऐरोलीहून आलेला फोन

10 मे 2024 ला अक्षय तृतीया होती. आमरस-पुरी चापल्यावर लॅपटॉप कोण उघडणार? पण सूर्यावरच्या त्या अवाढव्य डागसमूहाने दोन दिवस आधीच नोटीस दिली होती, त्यामुळे पनवेलच्या घरीही मी अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचे आलेख लावूनच बसलो होतो. रात्री 10.35 च्या सुमारास सौर वादळाचा धक्का आला. अलिबागचा क्षैतिज घटक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग, टुणकन वर गेला आणि मग जो घसरू लागला तो सकाळपर्यंत घसरतच राहिला.

पहाटे ऐरोलीच्या लोड डिस्पॅच सेंटरमधल्या, म्हणजे राज्याच्या वीजजाळ्याच्या नियंत्रण केंद्रातल्या, कॉलेजमित्राचा फोन. "अरे, जी-5 वादळ म्हणतायत, सगळ्यात वरच्या श्रेणीचं, 2003 नंतरचं पहिलं. कॅनडातल्या क्यूबेकसारखं आमचंही जाळं बसेल का रे?"

माझ्यासमोर तेव्हा दुसराही आलेख होता. स्वालबार्डपासून नॉर्वे, स्वीडन, फिनलंड करत पोलंडपर्यंत मॅग्नेटोमीटरची, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्रांची, एक साखळी आहे, दर दहा सेकंदांनी नोंद घेणारी. तिथे डोक्यावर शंभरेक किलोमीटरवरून ध्रुवीय प्रकाशाचे विद्युतप्रवाह वाहतात, म्हणून रेषांचा नुसता थयथयाट चाललेला. अलिबागला मात्र परिणाम मुख्यतः वलयप्रवाहाचा, म्हणजे हजारो किलोमीटर दूरवरून पृथ्वीभोवती कड्यासारख्या फिरणाऱ्या विद्युतप्रवाहाचा. जगभरच्या आपल्यासारख्या अक्षांशांवर सरासरी घट भरली सुमारे 400 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक), तीही कित्येक तासांत. मूळ क्षेत्र 38 हजारांच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक टक्का.

"किती पडलं ते सोड," मी म्हटलं, "किती झपाट्याने पडलं ते बघ. क्षेत्र झरझर बदललं की लांब वाहिन्यांत प्रवाह निर्माण होतो आणि अर्थिंगमधून ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो. 1989 च्या मार्चमध्ये क्यूबेकचं जाळं दीड मिनिटात कोसळलं ते त्यामुळे."

गडी इंजिनिअर, गप्प बसेल कशाला! "मग 1859 च्या वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सोळाशे नॅनोटेस्ला पडलं होतं, ते?"

इथे मी अडखळलो. ती घसरण खोल होती आणि वेगवानही. ती निव्वळ वलयप्रवाहाची, की ध्रुवीय प्रवाहच खाली सरकून आले होते, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. मोठ्या वादळात ध्रुवीय प्रवाहांचा पट्टा विषुववृत्ताकडे सरकतोच. या 10 मेच्या रात्री लडाखमध्ये हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीसुद्धा आकाशातली लाली टिपली. म्हणूनच साखळी उत्तर-दक्षिण लांबलचक लागते. एकाच ठिकाणी दहा यंत्रं ठेवून काय करणार?

"आज काही होणार नाही," एवढं मी ठामपणे सांगितलं, आणि झालंही नाही. सोमवारी मात्र त्याने अलिबागचे मिनिटामिनिटाचे आकडे मागितले. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधल्या, म्हणजे अर्थिंगला जोडलेल्या टोकातल्या, प्रवाहाच्या नोंदींशी ताडून बघायचे आहेत म्हणे. त्या नोंदी कुणाकडे मिळतील, याचा शोध अजून चालू आहे.