मुलांना घरकाम शिकवताना: माझा अनुभव

सुरुवात केली तेव्हा मुलगी 9 वर्षांची होती आणि मुलगा 4 वर्षांचा. आज ती 11 ची आहे, तो 6 चा. या दोन वर्षांत सगळ्यात आधी उमगलं ते हे, की काम बिघडतं ते बहुतेक वेळा साधनामुळे. मोठं फडकं लहान हातांना पिळता येत नाही, मग फरशीवर पाण्याचे ओघळ राहतात आणि आपण म्हणतो, पोराला पुसता येत नाही. मी जुन्या पंच्याचे हातरुमालाएवढे तुकडे केले, तिथेच निम्मं काम झालं. पाण्याचंही तसंच. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो वजन, म्हणजे भरलेली 15 लिटरची बादली 4 वर्षांच्या मुलाच्या जवळपास वजनाची होते. त्याला कुंड्यांना पाणी घालायला अर्धा तांब्या भरून द्यावा.

चौथ्या-पाचव्या वर्षी मटार सोलणं, रुमाल-नॅपकिनच्या घड्या, जेवणाआधी पाट-ताटं मांडणं, चपला जागेवर ठेवणं एवढं पुरे. घडी शिकवताना 'टोकाला टोक' एवढंच सांगायचं, बाकी हात आपोआप शिकतात.

सहाव्या वर्षी मेथी निवडायला दिली. कोवळे देठ ठेवायचे, जाड टाकायचे, हे बोलून कळत नाही. देठ नखाने सहज तुटला तर ठेव, वाकला पण तुटला नाही तर टाक, असं सांगितल्यावर लगेच जमलं. धुणं मात्र मुलं हमखास चुकतात. पातेल्यातलं पाणी भाजीसकट चाळणीत ओततात आणि तळाशी बसलेली माती परत पानांवर येते. पाने दोन्ही हातांनी वर उचलून चाळणीत ठेवायची, मग पाणी फेकायचं, असं तीनदा. पातेल्याच्या तळाशी बोट फिरवून रेव लागतेय का, ते त्यानेच बघायचं. एखादी काडी राहून गेली तर राहू द्यावी. त्याच्या देखत भाजी पुन्हा निवडायला घेतली, की पुढच्या वेळी तो बसतच नाही.

भांडी सातव्या-आठव्या वर्षापासून, आणि तीही स्टीलचीच. सुरी, किसणी, काच आधीच बाजूला काढायची. खरकटं झाडून टाकायचं, आधी पेले-चमचे, शेवटी तेलकट कढई. उलट केलं तर घासणीला लागलेलं तेल पेल्यांना चिकटतं. सिंकशी उभं राहायला स्टूल न हलणारं हवं.

कणीक मळायला मुलगी नवव्या वर्षी लागली. पहिले काही दिवस परातीत नुसता चिखल. सगळं पाणी एकदम ओतलं की तो होणारच, मग त्यावर पीठ, पुन्हा पाणी, आणि दोघांची कणीक चौघांची होऊन बसते. मी पाणी मोजून द्यायला लागले: 2 वाट्या पिठाला साधारण पाऊण वाटी, त्यातलं निम्मं आधी, बाकीचं चमच्या-चमच्याने. हाताला चिकटलेलं कोरडं पीठ चोळून काढायचं, धुवायचं नाही. शेवटी चमचाभर तेल लावून 20 मिनिटं झाकून ठेवायची. बोटाने दाबल्यावर पडलेला खळगा हळूहळू वर आला, तर जमली.

गॅस अकराव्या वर्षी, आणि तोही मी शेजारी असताना. ओढणी नको, केस बांधलेले. लायटर बर्नरजवळ धरायचा आणि मगच बटण फिरवायचं. दोन-तीनदा दाबून पेटला नाही तर बटण बंद करून मिनिटभर थांबायचं, कारण लायटर दाबेपर्यंत साचलेला गॅस एकदम भडकतो. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि दिव्याच्या-पंख्याच्या कुठल्याही बटणाला हात नाही. हे तिने तोंडपाठ म्हटल्यावरच मी लायटर हातात दिला. कुकर, मिक्सर आणि संडासात टाकायचं ॲसिड अजूनही माझ्याकडेच आहे.

कामाचे पैसे आम्ही देत नाही. आपलं ताट आपण उचलायचं, त्याचे कसले पैसे? आणि भाऊ-बहिणीत भेद नाही. पुढच्या महिन्यात मुलगा परातीशी बसणार आहे, सुरुवातीला अर्ध्या वाटी पिठावर.