माडीवरचा डबा

पावसाळ्यात संध्याकाळी डोंबिवलीच्या गाडीत कानातलं गाणं संपलं आणि पुढचं लागलं नाही, की मी घरी फोन करतो.

"दिवे गेले ना गं?"

"आत्ताच गेले. मेणबत्ती शोधत्ये. तुला तिथे बसून कसं कळतं रे?"

यात जादू काही नाही. माझी गाणी पावसच्या पुढे, पूर्णगडच्या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या घरात, माडीवरच्या फडताळात राहतात. पत्त्यांच्या कॅटएवढा रास्पबेरी पाय नावाचा बारका कंप्युटर, त्याला वायरने बांधलेली दोन टीबीची डिस्क, आणि पाल आत जाऊ नये म्हणून या सगळ्यावर पालथा घातलेला, भोकं पाडलेला बिस्किटांचा डबा. त्यामुळे घरात या यंत्रणेला सर्व्हर वगैरे कोणी म्हणत नाही, 'डबा' म्हणतात. डबा चोवीस तास चालू असतो आणि डिस्क धरून महिन्याला पाचेक युनिटं खातो. भाऊंना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे पटायला वेळ लागला. आमच्या न्हाणीघरातला झिरोचा बल्ब नाव झिरो असून पंधरा वॅट घेतो, आणि डबा त्याच्या निम्म्यातही भागवतो, हे गणित मी त्यांना बिलाच्या पाठीमागे मांडून दाखवलं. ते म्हणाले, "बल्बाचा उजेड तरी पडतो."

चालू गाणं मधेच तुटत नाही, कारण सुरू झाल्या झाल्या ते अख्खं फोनमध्ये उतरलेलं असतं. फक्त पुढचं लागत नाही. म्हणजे घरचे दिवे गेल्याची बातमी मला चार-पाच मिनिटं उशिरा मिळते. गाणं द्रुतात असेल तर लवकर.

महिन्याला पैसे भरून जगातलं सगळं संगीत खिशात घेता येत असताना हा उपद्व्याप कशाला, असं ऑफिसातली मंडळी विचारतात. तिथे गाणं कधी अडत नाही हे खरंच आहे. पण तिथे भाऊंच्या कॅसेटी नाहीत.

भाऊ शाळामास्तर. पगार बेताचा, नाद मोठा. दोनशे चाळीस कॅसेटी, बहुतेक नव्वद मिनिटांच्या. विकत घेतलेल्या थोड्या, बाकीच्या रेडिओवरून भरलेल्या, कुणाकडून आणून उतरवलेल्या, आणि काही टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन जागेवर भरलेल्या. प्रत्येकीच्या कागदावर तपासणीच्या लाल शाईत राग, ताल, गाणाऱ्याचं नाव आणि शेवटी शेरा: 'उत्तम', 'बरे', एका ठिकाणी 'आवाज बसलेला, तरी ठेवावे'.

२०२० साली ऑफिस घरी आलं आणि मी गावी गेलो. कॅसेटी बाहेर काढल्या तेव्हा निम्म्यांच्या फितीला कडेने पांढरी बुरशी. कोकणातल्या हवेला कोरडं काही म्हणून सोसत नाही. मीठ पाझरतं, पुस्तकं फुगतात, बिजागऱ्या रडतात, तिथे फितीची काय कथा. एकेक कॅसेट उन्हं बघून सावलीत वाळवायची, पेन्सिलीने दोनदा पुढे-मागे गुंडाळायची, डेकचं हेड स्पिरिटच्या कापसाने पुसायचं. कॅसेटच्या आत फितीला हेडवर दाबून धरणारा कापडी ठिपका असतो, तो कित्येकांचा गळून पडलेला. मेलेल्या कॅसेटींचे काढून जिवंत असणाऱ्यांना लावले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे १३० मीटर फीत असते. एकदा ती डेकने गिळली आणि मी ओटीवर पसरून सोडवत बसलो, तेव्हा आईने सुपारी सोलता सोलता विचारलं, "जाळं विणायला घेतलंस की काय?"

सगळ्यात मजा हेडजवळच्या एका बारक्या स्क्रूची. तो पाव फेराही नको, इतका हलवला की हेडचा कोन बदलतो आणि तीस वर्षं घोंगडीखालून गाणारा माणूस एकदम घोंगडी फेकून देतो. तंबोऱ्याची जवार कळायला लागते. कॅसेट ज्या टेपवर भरली त्याचं हेड जितकं वाकडं, तितकंच आपलं वाकडं करून घ्यायचं, एवढंच ते तंत्र. ते मला समजलं तेव्हा साठेक कॅसेटी उतरवून झाल्या होत्या. त्या पुन्हा केल्या. घाई करायची सोयच नाही, पंचेचाळीस मिनिटांची बाजू उतरायला पंचेचाळीस मिनिटंच लागतात. फ्लॅक नावाच्या प्रकारात काही न गाळता साठवलं की अशी एक बाजू साधारण अडीचशे एमबी होते. गाडीत ऐकताना डबा तीच बाजू जागच्या जागी दाबून बत्तीसेक एमबीत पाठवतो, म्हणून बारक्या रेंजवरही चालतं.

आणि पंचेचाळीस मिनिटं संपली की राग संपो न संपो, बाजू संपते. मारव्याची बढत रंगात आलेली, आणि खट्. पुढचं दुसऱ्या बाजूला, मधलं अर्धं मिनिट कायमचं गेलेलं. मी दोन तुकडे जोडले, पण त्या जागी माझा हात अजून कॅसेट उलटायला उठतो.

नावं घालताना खरी पंचाईत झाली. ही व्यवस्था ज्यांनी केली त्यांच्या डोक्यात अल्बम, कलाकार आणि गाणं असं तीन खणांचं कपाट असणार. राग कुठे ठेवायचा? पेटीवर कोण, तबल्यावर कोण? मी आपलं जमेल तिथे कोंबलं. 'पं.' लावलं तर झाडून सगळे पंडित 'प'मध्ये दाटीवाटीने बसतात आणि बाकीची बाराखडी ओस पडते. म्हणून मी एका दुपारी सगळ्यांच्या पदव्या उडवल्या. रात्री भाऊ चष्मा कपाळावर चढवून यादी बघत होते. "भीमसेन जोशी," त्यांनी मोठ्याने वाचलं. "काय रे, शेजारी राहतात वाटतं तुझ्या?" क्रमवारीसाठी नावाची वेगळी नोंद ठेवता येते, हे मी मग शोधून काढलं. आता यादीत मान पूर्ववत आहे आणि क्रमही लागतो.

पण ज्या कॅसेटींसाठी हा सगळा खटाटोप, त्या वाडीतल्या भजनाच्या. गणपतीत आमच्या ओटीवर भरलेल्या, आतच माइक असलेल्या साध्या टेपरेकॉर्डरवर. त्या टेपमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असायची. आवाज मोठा झाला की ती दाबते, बारीक झाला की वर उचलते. त्यामुळे अभंग चालू असताना पाऊस कुठे नसतो, आणि टाळ थांबले की हळूहळू वर येतो, पागोळ्या ऐकू येतात, रातकिडे भरतात, कुणीतरी "पान द्या हो इकडे" म्हणतं. पुढचा अभंग सुरू झाला की पाऊस पुन्हा मागे.

यांवर साल लिहिलेलं नव्हतं. डब्याला साल लागतं. भाऊ डोळे मिटून ऐकत बसले. मधेच बोट वर केलं. "हा खोकला." खोकला मलाही ऐकू आला होता, मी तो काढून टाकायच्याच बेतात होतो. "धाकट्या काकाचा. तो गेला १९८९ मध्ये. आणि पखवाज ऐक, हा खालच्या वाडीतला पोरगा, तो बसायला लागला १९८६ पासून." पुढे पाच मिनिटांनी फस्-फस् असा आवाज. "हां, ही ग्यासबत्ती. दिवे गेलेत, पंप मारतायत. म्हणजे १९८७. त्या वर्षी गौरी जेवल्या त्या रात्री दिवे गेले होते." दिवे कोणत्या वर्षी नव्हते, हा प्रश्न मी विचारला नाही. नोंदीत १९८७ लिहिलं.

तरी मी हौसेने एक दुसरी प्रत केली. फितीची खरखर धुतली, खोकला कापला, फस्-फस् काढलं. नाव दिलं 'वाडीचं भजन (स्वच्छ)'.

घरातल्या घरात सगळं छान चालायला लागलं. मुंबईत परतायची वेळ आली तेव्हा कळलं की बाहेरून डब्यापर्यंत यायला वाटच नाही. राउटरच्या पानावर आमचा इंटरनेटवरचा पत्ता होता १००.६४ ने सुरू होणारा. हा आकडा दिसला की समजायचं, कंपनीने एका खऱ्या पत्त्यामागे कितीतरी घरं एकत्र कोंबली आहेत. पूर्वी आमच्या वाडीचं टपाल नाक्यावरच्या दुकानात यायचं, तसंच. पण दुकानदार नाव वाचून पत्र घरी धाडायचा. इथला दुकानदार, तुम्ही आधी कुणाला पत्र टाकलं असेल तर त्याचंच उत्तर आत सोडतो. आपण होऊन आलेल्या पाहुण्याला ओळखच देत नाही. फायबरवाल्याला स्वतंत्र पत्ता मागितला. तो म्हणाला, "साहेब, पंख्याखाली बसून चालतंय ना सगळं?"

उपाय निघाला तो टेलस्केल नावाच्या सेवेचा. डबाही आपण होऊन बाहेर पडतो, माझा फोनही बाहेर पडतो, तिसरीकडे दोघांची ओळख करून दिली जाते आणि मग ते आपापसात कुलूपबंद बोलतात. गंमत म्हणजे यानेही डब्याला जो पत्ता दिला तो शंभरानेच सुरू होणारा. कोकणी माणूस मुंबईत गेला तरी चाळीत गाववाल्यांतच खोली बघतो, तसं.

एकच बोच राहिली. ओटीवर बसून फोनचं वायफाय बंद ठेवलं, तर माडीवरचं गाणं बहुधा मुंबई गाठून, तिथून टॉवरवर उतरून ओटीवर येतं. आमचे बरेचसे आंबेही असेच जातात आणि येतात.

गावी येताना कोकण रेल्वेत खरी परीक्षा. रत्नागिरीच्या थोडं अलीकडे करबुड्याचा बोगदा आहे, साडेसहा किलोमीटरचा, या मार्गावरचा सर्वांत लांब. गाडी आत शिरते, रेंज जाते, काचेत आपलंच तोंड दिसतं. पण चालू गाणं आधीच उतरलेलं, ते संपायच्या आत बोगदा सरतो. मी आता बोगद्याआधीचं उक्षी स्टेशन आलं की मुद्दाम लांबसं काही लावतो.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं. फोन आदल्या रात्रीपासूनच लागेनासे झाले होते. टीव्हीवर पडलेली झाडं, उडालेले पत्रे, सगळी दुसऱ्यांच्या गावची. मी तासातासाला फोन लावायचो आणि बाई तेच ते सांगायची. मधेच केव्हा तरी ॲप उघडून कुठलंही गाणं दाबायचो. गोल चक्र फिरायचं आणि थांबायचं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या रात्री दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो, सवयीने दाबलं, चक्र फिरलं, आणि माणिक वर्मा गायला लागल्या.

म्हणजे खांब उभा झाला होता. तार जोडली होती. फायबर रस्त्याकडेच्या चरातून आलंय, ते वाचलं होतं. माडीवर पाणी आलं नव्हतं, निदान फडताळापर्यंत तरी नाही; म्हणजे कौलं बऱ्यापैकी जागेवर होती. घरात माणसं झोपलेली असणार आणि त्यांचे फोन चार्जिंगविना मेलेले. मी बायकोला उठवलं. तिने झोपेतच अर्धं गाणं ऐकलं आणि म्हणाली, "आवाज कमी कर, मुलगी उठेल." आईचा फोन सकाळी आठला आला. फणस आणि दोन माड गेले होते, गोठ्याचे पत्रे खाडीकडे सापडले. "काळजीत होतास ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, होतो, दोन वाजेपर्यंत.

चुलतभावाने पासवर्ड मागितला तो मात्र मी दिलेला नाही. भाऊंचे शेरे परक्यांसाठी नाहीत, असं मी त्याला सांगितलं. खरं कारण म्हणजे एकाच वेळी तिघांनी ऐकलं तर डबा तापतो.

भाऊंसाठी मी माझा जुना फोन एका स्पीकरला जोडून ओटीवरच्या कोनाड्यात ठेवला आहे. "मला नकोत तुझी यंत्रं," ते म्हणाले होते. "माझा रेडिओ आहे." रत्नागिरी केंद्र लावून ते अजूनही झोपाळ्यावर बसतात.

गेल्या महिन्यात सकाळी साडेसहाला त्यांचा फोन आला. "तुझा डबा बंद आहे."

"दिवे आहेत ना?"

"आहेत. आईने इस्त्रीसाठी पिन काढलीन, परत लावायची राहिली. आता लावली. तसं माझं काही अडलं नव्हतं हो, तिला लागतं म्हणून सांगितलं."

संध्याकाळी गाडीत बसून मी ओटीवरच्या फोनचं खातं उघडलं. कुठलं गाणं किती वेळा वाजलं ते तिथे लिहिलेलं असतं. 'वाडीचं भजन (स्वच्छ)' एकदा. ते मीच लावून दाखवलं होतं. 'वाडीचं भजन, १९८७', खोकल्यासकट, एकशे त्रेचाळीस वेळा. त्याच्यापुढे शेवटी वाजल्याची वेळ असते. आदल्या दिवशीची होती, पहाटे पाच वाजून दहा मिनिटं.

आई सहाला उठते.