घाटावरचा समुद्र

कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात मीठ कुणी मोजत नाही. तांबड्या रश्श्यात ते चिमटीने पडतं, पांढऱ्यात जरा हात राखून, आणि ‘बघ की, बेताचं झालंय का’ एवढीच त्याची तपासणी. त्याच घराच्या हॉलमध्ये माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक आला की मिठाला काटा लागतो. लिटरला ३५ ग्रॅम. खरा समुद्र आंबा घाट उतरून रत्नागिरीला. तिथे वाफ झालेलं पाणी पाऊस आणि नद्या परत आणून देतात. हॉलमधल्या दोनशे लिटरच्या समुद्राला पंचगंगा नाही. ती कळशी-कळशीने घरच्या माणसालाच व्हावं लागतं.

इथेच पहिली आणि सगळ्यात महागडी चूक होते. टँकचं पाणी उडतं, मीठ उडत नाही. दोनशे लिटरच्या उघड्या टँकमधून एप्रिलमध्ये दिवसाला तीनेक लिटर सहज जातं. पातळी खाली दिसली की नवखा माणूस तयार खारं पाणी ओततो, कारण ‘समुद्राचा टँक आहे ना’. हिशेब करून पाहा: दिवसाला ३ लिटर म्हणजे १०५ ग्रॅम मीठ, दहा दिवसांत किलोभर. लिटरला ३५ चं ४० होतं. मासे एखादवेळी तग धरतील. कोळंबी आणि गोगलगाई धरत नाहीत. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घालायचं, तेही रोज थोडं थोडं. चार दिवसांची बारा लिटरची तूट एका दमात भरली की क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा, एकदम खाली येते आणि तो धक्का वेगळाच. पातळी कळावी म्हणून काचेवर पेनाने एक रेघ मारून ठेवावी. इतकं स्वस्त उपकरण या छंदात दुसरं नाही.

क्षारता मोजायला तरंगणारा काचेचा हायड्रोमीटर नको. बुडबुडा चिकटला की तो वाट्टेल ते सांगतो. प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, पण तो डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला लावून निश्चिंत होऊ नये. शून्याला बरोबर असलेला मीटर ३५ ला चुकू शकतो. ३५ चं प्रमाणित द्रावण मिळतं, त्यावरच लावावा. थेंब टाकून अर्धा मिनिट थांबावं, म्हणजे थेंब आणि काच एका तापमानाला येतात. आणि आकडा ३८ दिसला तर घाबरून बादली उचलू नये. रोज एकेका अंकाने उतरवावा. या छंदात बिघाडापेक्षा दुरुस्तीनेच जास्त मासे मरतात, हे आमचं ठाम मत.

आता गोडं पाणी म्हणजे कुठलं? नळाचं नव्हे. काळम्मावाडी धरणाहून थेट पाइपलाइनने आलेलं पाणी माणसाला उत्तम, पण त्यात क्लोरीन असतं आणि नळाच्या पाण्यातून नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेटही येऊ शकतं. पोषण साचलेल्या पाण्याचं काय होतं ते कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. रंकाळ्यावरची जलपर्णी पाहिली आहे. टँकमध्ये जलपर्णीऐवजी दगडांवर केसासारखं हिरवं शेवाळ येतं, एवढाच फरक. मग ते शेवाळ मारायची बाटली येते, ती चालली नाही की दुसरी येते. त्या पैशात आरओ (पाणी बारीक पडद्यातून गाळणारं) आणि डीआय (उरलेले क्षार रेझिनच्या दाण्यांनी काढणारं) युनिट आलं असतं.

स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरवर भागेल, असं वाटतं. भागत नाही. चव राहावी म्हणून त्यातल्या टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलरने थोडं न गाळलेलं पाणी मुद्दाम परत मिसळलेलं असतं. टीडीएस मीटर बुडवून पाहा, शून्य येणार नाही. टँकला शून्यच हवं. डीआयच्या रेझिनमधून १ किंवा २ यायला लागलं की रेझिन बदलायची वेळ झाली; ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून रेटू नये.

पाणी बदलणं आठवड्याला दहा टक्के, म्हणजे वीस लिटर. त्याला साधारण सातशे ते साडेसातशे ग्रॅम सी सॉल्ट लागतं. आधी बादलीत पाणी, मग पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपासमोर (पॉवरहेड) हळूहळू मीठ. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकाच जागी दाट होतात, पांढरा साका बसतो आणि तो परत विरघळत नाही. रात्रभर फिरू द्यावं, सकाळी क्षारता आणि तापमान टँकशी जुळवून मगच ओतावं. पाणी काढण्याआधी हीटर बंद करायचा. उघडा पडलेला गरम हीटर थंड पाणी लागताच तडकतो. आपल्याकडे हीटर जेमतेम डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींपुरता लागतो, त्यामुळे तो आहे हेच विसरायला होतं.

मिठाची पिशवी जूनच्या आत घट्ट झाकणाच्या डब्यात गेली पाहिजे. इथला पाऊस ती उघडी पिशवी आठवड्यात दगड करून ठेवतो. आणि दमट झालेलं मीठ वजनात फसवतं: सातशे ग्रॅममध्ये पाणीच जास्त भरतं.

पावसाळ्याची दुसरी गोष्ट लाइटची. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडून ४३ फुटांच्या धोक्याकडे सरकायला लागली की लोक भाजी-दूध भरतात; टँकवाल्याने सोबत चाळीस लिटर आरओ पाणी भरून ठेवावं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात उपसा केंद्रंच पाण्यात गेली होती आणि नळ कोरडे पडले होते. लाइट गेल्यावर पहिला तुटवडा पडतो तो ऑक्सिजनचा. सेलवर चालणारा एअरपंप जवळ असावा. नसला तर तांब्याने पाणी उचलून वीतभर उंचीवरून ओतत राहावं. या काळात खाद्य अजिबात नको. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर तासन्‌तास बंद राहिला असेल तर लाइट येताच चालू करू नये; आतलं कुजलेलं पाणी आधी ओतून टाकावं.

संप, म्हणजे टँकखालची दुसरी टाकी, असेल तर एक चाचणी कोरड्या दिवशीच करून घ्यावी. सगळं चालू असताना खालचं पाणी वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाचं बटण बंद करायचं आणि नुसतं बघायचं. वरून किती पाणी खाली येतं, संप मावून घेतो की फरशीवर येतं? पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नये, त्यात चुन्याचा थर अडकतो. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या अगदी खाली तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडावं. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते भोक महिन्याला काडीने साफ करावं. उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या ऑटो टॉपअपची टाकीही लहानच बरी. फ्लोट अडकला आणि दहा लिटर सगळं टँकमध्ये गेलं, तर ३५ चं ३३ च्या आसपास येतं, निभावतं. पन्नास लिटरचा ड्रम जोडला असेल तर निभावत नाही.

अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) उतरली म्हणून महागडी बाटली मागवण्याआधी स्वयंपाकघरात डोकवायला हरकत नाही. दोनशे लिटरमध्ये १ डीकेएच (अल्कलिनिटीचं माप) वाढवायला खाण्याचा सोडा सहा ग्रॅम पुरतो, आरओ पाण्यात विरघळवून. बेकिंग पावडर मात्र नाही, त्यात इतर पदार्थ असतात. दिवसाला एकापेक्षा जास्त वाढवू नये, आणि जे मोजता येत नाही ते घालू नये.

माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले तर तांबं (कॉपर) असलेलं औषध मुख्य टँकमध्ये टाकू नये. ते कोळंबी मारतं आणि दगडात मुरून बसतं. त्यासाठी साधा चाळीस लिटरचा वेगळा टँक, आत दगड-वाळू नाही, लपायला पीव्हीसीचे दोन तुकडे. नवा मासाही आधी चार आठवडे तिथेच.

डासांच्या दिवसांत हॉलमध्ये लिक्विड मशीन लावतात तेही टँकच्या खोलीतून काढावं. त्यातली पायरेथ्रॉइड जातीची द्रव्यं मासे आणि कोळंबीला विषारी, आणि बुडबुड्यांनी घाण वर काढणारा स्किमर तर रात्रंदिवस खोलीतली हवा ओढून पाण्यात घुसळत असतो. त्याऐवजी जाळी.

राहता राहिली वायर. ती बोर्डात जाण्याआधी खाली झोळ घेऊन वर चढली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळातून फरशीवर पडतो, सॉकेटमध्ये जात नाही. स्टँडमागे बोर्डाखाली मिठाची पांढरी रेघ दिसली, तर पुसण्याआधी मेन बंद करावा.