स्क्रूड्रायव्हरची भीती

जुना लॅपटॉप उघडायचा म्हटलं की भलेभले कचरतात, स्क्रू हरवेल, क्लिप तुटेल, काहीतरी जळेल. आणि हीच मंडळी 'फर्मवेअर अपडेट उपलब्ध आहे' (फर्मवेअर म्हणजे चिपमध्येच बसवलेलं, लॅपटॉप चालू करणारं सॉफ्टवेअर) असं दिसलं की फोनवर बोलता बोलता एंटर दाबून मोकळी होतात. मला यात कायम गंमत वाटत आलीये, कारण भीती नेमकी उलट्या जागी जाऊन बसलीये.

रॅमचं बघा ना. चार्जर काढायचा, बॅटरी निघत असेल तर तीही, स्टिक तिरकी घालायची, खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या क्लिपा टक् करून बसल्या की झालं. नाही चाललं तर जुनी परत लावा, कोणाला कळणारही नाही. चुकीच्या पिढीची स्टिक तर बसतच नाही, डीडीआर३ ला 204 पिना, डीडीआर४ ला 260, खाच पण वेगळ्या जागी. एकच फसवी जागा आहे, डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला अगदी सारख्या, पण एक 1.5 व्होल्टवाली आणि दुसरी 1.35 वर चालणारी, आणि डीडीआर३ च्या शेवटच्या काळातले बरेच लॅपटॉप फक्त 1.35 वालीच घेतात. त्यामुळे शंका असेल तर एलवालीच घ्यावी, ती 1.5 वर पण चालते. जास्तीत जास्त किती रॅम चालेल हे डीएमआयडीकोड नावाचं लिनक्सवरचं टूल सांगतं खरं, पण ते बायोसने (म्हणजे लॅपटॉपच्या फर्मवेअरने) लिहून ठेवलेलं वाचून दाखवतं, स्वतः काही तपासत नाही, आणि त्याच्या मॅन्युअलमध्येच कबूल केलंय की ही माहिती चुकीची असू शकते (असा प्रामाणिकपणा मला फार आवडतो).

रॅम टाकल्यावर पहिल्यांदा चालू करताना काही लॅपटॉपचा स्क्रीन थोडा वेळ काळाच राहतो, नवीन मेमरीशी जुळवून घेणं चाललेलं असतं, लगेच पॉवर बटण दाबत बसू नये. एकदा रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवला की विषय संपला. मग हौसेने रॅम किती मोकळी ते दाखवणारी 'फ्री' कमांड मारायची आणि बघायचं तर थोड्या वेळात फ्रीचा आकडा परत खाली, कारण रिकामी रॅम लिनक्सला बघवत नाही, तो फाइल्सचा कॅश (परत लागतील म्हणून जपलेल्या प्रती) भरून ठेवतो. खरा आकडा 'अव्हेलेबल'च्या कॉलममध्ये असतो, तो कॉलम आला 2014 मध्ये, त्याआधी लोक उगाच घाबरायचे.

फर्मवेअर मात्र वेगळंच प्रकरण. डेव्हलपर रिचर्ड ह्यूजेस यांनी 2015 मध्ये एफडब्ल्यूअपडी हे लिनक्सवरून फर्मवेअर अपडेट करणारं टूल आणलं आणि काम फारच सोपं झालं, रिफ्रेश करा, अपडेट करा, रीस्टार्ट. पण त्या रीस्टार्टमध्ये काय होतं? ईएफआय पार्टिशनवर (डिस्कवरच्या बूटसाठीच्या छोट्या भागात) ठेवलेली फाइल उचलून जुनं फर्मवेअर स्वतःलाच पुसतं आणि त्या जागी नवीन लिहितं, म्हणजे बसल्या फांदीवरच करवत. मधेच लाईट गेली तर लॅपटॉपचा पेपरवेट होऊ शकतो. म्हणून चार्जर लावलेला आणि बॅटरीत पुरेसा चार्ज, दोन्ही असल्याशिवाय अपडेट सहसा सुरूच होत नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी तर आधीच मेलेली! म्हणजे फुकटच्या अपडेटसाठी आधी बॅटरी विकत घ्या. वर अपडेटनंतर कधीकधी लिनक्सची बूट एंट्रीच (चालू होताना काय सुरू करायचं याची नोंद) गायब होते, तेव्हा लाइव्ह यूएसबी (थेट लिनक्स चालू करून देणारा पेनड्राइव्ह) हाताशी असलेला बरा. आणि नवीन बायोस आवडला नाही म्हणून जुन्यावर परत जायचं तर बऱ्याच मॉडेलवर तो रस्ता बंद.

माझं मत विचाराल तर रिलीज नोट्स वाचाव्यात, आपल्याला होणारा त्रास किंवा सिक्युरिटीचं भोक त्यात असेल तर नक्की करावं, नुसतं व्हर्जन मोठं दिसतंय म्हणून नाही. तसंही खूप जुन्या लॅपटॉपसाठी हा प्रश्न कंपनीनेच सोडवलेला असतो, शेवटचा बायोस कधीचा तरी, आणि तोही विंडोजवर चालणारी फाइल. जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष बाहेर आले तेव्हा अशा मशीनवाल्यांना लिनक्सनेच हात दिला, प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या आतल्या सूचना) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बूट होतानाच लोड करतो, चिपवर काही लिहिलं जात नाही, बंद केलं की गेला, पुढच्या बूटला परत लोड. आता त्या मायक्रोकोडचं पॅकेज टाकलंय की नाही ते तेवढं बघून घ्या.